धुऱ्यावरची चाल बांधीत चालत नाही

मित्रहो, तुमच्यापैकी जे धानाच्या मुलखात राहतात त्यांनी हा अनुभव नक्कीच घेतला असेल. आषाढाचे दिवस आहेत. रोवणी चालू आहे. तुम्ही न्याहारीचा डबा घेऊन शेताच्या धुऱ्यावरून झपझप चालला आहात. धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला मातीचा अरुंद बांध. पावसाने तो वरून निसरडा झालेला असला तरी आतून घट्ट असतो. अंगठा रोवला की पाय टिकतो. मग त्याच झपाट्यात तुम्ही बांधीत, म्हणजे चिखलणी करून ठेवलेल्या शेतात उतरता, आणि दुसऱ्याच पावलाला पाय अडकून तोंडावर पडता. डबा एकीकडे, तुम्ही एकीकडे! पाय तेच, चालणारा तोच, चालण्याची रीतही तीच. मग बदलले काय?

हाच प्रश्न मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने विचारला होता. फक्त तो चिखलाविषयी बोलत नव्हता. भंडारा जिल्ह्यात साकोली तालुक्यात सानगडी नावाचे गाव आहे. तेथे एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि आसपास धानाची शेती आहे. हा मुलगा तिथला. सैन्यात भरती झाला, आणि रोवणीच्या वेळी रजेवर घरी आलेला असताना मी त्याला भेटायला त्याच्या शेतावर गेलो होतो. काश्मीरमध्ये तो स्कीइंग शिकला होता. स्कीइंग म्हणजे पायांना लांब, गुळगुळीत पट्ट्या बांधून हिमाच्या उतारावरून घसरत जाणे. या पट्ट्यांना स्की म्हणतात.

तो म्हणाला, "सर, आठ दिवसांत मी कडक हिमावर चांगला घसरू लागलो होतो. वळणेही जमू लागली होती. मग एके रात्री सारखे हिम पडत राहिले. सकाळी त्याच उतारावर, त्याच स्की घालून निघालो, आणि पहिल्याच वळणावर डोके खाली आणि पाय वर! उठण्यासाठी हात टेकला, तर हात खांद्यापर्यंत आत. नाकातोंडात हिम गेले. खरे सांगतो, क्षणभर घाबरलो. काल येत होते ते आज का आले नाही?"

आम्ही धुऱ्यावर उभे होतो. त्याची आई बांधीत पऱ्हे लावत होती. वाकलेली मान न उचलताच ती म्हणाली, "धुऱ्यावरची चाल बांधीत चालते का बाबू?"

माउलीने आयुष्यात कधी हिम पाहिलेले नाही. पण उत्तर अचूक होते. मीही स्कीवर कधी उभा राहिलेलो नाही, हे आधीच कबूल करतो. तरीही दाब, घर्षण आणि बल यांचे जे नियम तुम्ही शाळेत शिकता, त्यांच्या मदतीने आपण या उत्तराचा अर्थ लावू शकतो.

हिम किती प्रकारचे?

आपल्या रोजच्या बोलण्यात 'बर्फ' हा एकच शब्द असतो. येथे आपण थोडा भेद करू. रसवंतीत दिसणारी लादी म्हणजे बर्फ, सलग गोठलेले पाणी. त्याच्या एका घनमीटरचे वस्तुमान सुमारे ९१७ किलोग्रॅम भरते. आकाशातून पडते ते हिम. ते नाजूक, बहुधा सहा पाकळ्यांच्या स्फटिकांचे बनलेले असते. हे स्फटिक एकमेकांवर सैलसर पडतात आणि त्यांच्यामध्ये पुष्कळ हवा राहते. थंड, कोरड्या हवेत नुकत्याच पडलेल्या हिमाचा एक घनमीटर भरतो फक्त ६० ते १०० किलोग्रॅम.

आता एक सोपे गणित करा. १०० किलोग्रॅम हिमात प्रत्यक्ष बर्फ किती? १०० भागिले ९१७, म्हणजे सुमारे ०.१०९ घनमीटर, अर्थात १०९ लिटर. एका घनमीटरात १,००० लिटर असतात. मग उरलेले ८९१ लिटर काय आहे? निव्वळ हवा! ताज्या हिमाचा जवळजवळ नऊ दशांश भाग हवेचा असतो.

आमच्याकडच्या मुलांना याची कल्पना यायला राईस मिलच्या मागे जावे. तेथे धानाच्या तुसाचा ढीग असतो. सैल तुसाचा घनमीटरही साधारण १०० किलोग्रॅमच्या आसपास भरतो. त्या ढिगात उडी मारली की काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. ताजे, खोल हिम वजनाच्या दृष्टीने तसेच असते.

परंतु हिम तसेच राहत नाही. वारा, ऊन आणि स्वतःचे वजन यांनी ते दबत जाते. स्कीइंगच्या उतारांवर यंत्रे फिरवून ते मुद्दाम दाबतात. दाबलेल्या हिमाचे कण एकमेकांना टेकतात आणि जेथे टेकतात तेथे हळूहळू जुळून जातात. सायंकाळी दाबलेला उतार सकाळपर्यंत चांगला टणक होतो. अशा हिमाची घनता घनमीटरला ४०० ते ५०० किलोग्रॅमपर्यंत जाते. हा झाला 'धुरा', आणि ताजे खोल हिम ही झाली 'बांधी'.

कडक हिमावर: कडेची करामत

कडक हिमासाठी वापरायची स्की साधारण १७० सेंटिमीटर लांब असते. मधोमध ती ७ सेंटिमीटरच्या आसपास रुंद, तर टोकांशी अधिक रुंद असते. पुढचे टोक वर वळलेले असते आणि तळाच्या दोन्ही बाजूंना पोलादी कडा असतात.

स्की घसरते कशी? वजनाच्या दाबाने बर्फ वितळतो आणि त्या पाण्यावरून स्की घसरते, असे काही ठिकाणी वाचायला मिळते. पण हिशेब जुळत नाही. बर्फाचा द्रवणांक एका अंशाने खाली आणायचा तर सुमारे १३५ वातावरणांइतका दाब लागतो. दोन स्कींवर पसरलेल्या माणसाच्या वजनाचा सरासरी दाब एका वातावरणाच्या तिसाव्या भागाइतकाही नसतो! १९३९ साली बोडन आणि ह्यूज या शास्त्रज्ञांनी स्वित्झर्लंडमधील युंगफ्राउयोख येथे प्रयोग करून दाखवले, की यात मुख्य काम घर्षणाने निर्माण होणाऱ्या उष्णतेचे आहे. हाताचे तळवे एकमेकांवर घासले की गरम होतात ना? तसेच. तळाखाली पाण्याचा अतिशय पातळ थर होतो आणि घर्षण कमालीचे घटते. घर्षणांक ०.०५ धरला तर अवघ्या ३ अंशांच्या उतारावरही स्की आपणहून घसरत राहील.

घसरणे सोपे, वळणे कठीण. समजा, स्कीपटू सेकंदाला १० मीटर वेगाने, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरने, २० मीटर त्रिज्येचे वळण घेत आहे. त्याला लागणारे केंद्रगामी त्वरण किती? वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या: १०० भागिले २०, म्हणजे ५ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद. हे गुरुत्वत्वरणाच्या निम्मे झाले. हे बल पुरवणार कोण? हिमच. स्कीपटू स्की एका अंगावर कलती करतो, पोलादी कडा हिमात रुतते, एक बारीक चर पडते, आणि त्या चरीची भिंत स्कीला वळणाच्या आतील बाजूस ढकलत राहते. तोल राहावा म्हणून त्याचे अंगही सुमारे २७ अंशांनी आत कलते. सायकलवरून वळताना तुम्ही कलता तसेच.

या वेळी तो आपले बहुतेक वजन वळणाच्या बाहेरील पायावर टाकतो. त्यामुळे त्या स्कीची कडा अधिक घट्ट रुतते. कडक हिमावरचा हा पहिला धडा. माझ्या विद्यार्थ्याने आठ दिवस तो घोटला होता. धुऱ्यावर अंगठा रोवून चालणे आणि हे, दोन्ही मुळात एकच. जमीन घट्ट आहे. तिला कोठेतरी नेमके धरायचे, की ती आपल्याला सावरते.

एका रात्रीत उतार बदलला

आता ताज्या, मांडीभर हिमात हाच धडा गिरवून पाहू. तेथे कडेला धरायला काही नाही. कडा रुतते, पण चरीची भिंत उभी राहत नाही, ती ढासळते. आणि सगळे वजन एका पायावर टाकले की काय होते, ते आकड्यांतच पाहा. सामानासह स्कीपटूचे वस्तुमान ८० किलोग्रॅम धरू आणि दर चौरस सेंटिमीटरवर किती ग्रॅम भार येतो ते काढू.

एका बुटावर उभा (३०० चौ. सेंमी.): सुमारे २६७ ग्रॅम.
दोन बुटांवर उभा (६०० चौ. सेंमी.): सुमारे १३३ ग्रॅम.
एका स्कीवर उभा (१७० × ८ सेंमी.): सुमारे ५९ ग्रॅम.
दोन स्कींवर सारखा उभा: सुमारे २९ ग्रॅम.
खोल हिमासाठी बनवलेल्या दोन रुंद स्कींवर (प्रत्येकी १८० × १२ सेंमी.): सुमारे १९ ग्रॅम.

स्कीची रुंदी सगळीकडे सारखी नसते, म्हणून येथे सरासरी ८ सेंटिमीटर धरली आहे. तिसरी आणि चौथी ओळ पुन्हा वाचा. वजन एका स्कीवर टाकताच तिच्याखालचा दाब दुप्पट होतो. कडक हिमाला याचे काही वाटत नाही. सैल हिम मात्र तेवढ्यानेच खचते. भार असलेली स्की खाली बुडते, रिकामी स्की वर राहते, दोन पाय दोन पातळ्यांवर जातात आणि माणूस कोलमडतो. माझ्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले. आदल्या दिवशी ज्या सवयीने त्याला सावरले, तिनेच दुसऱ्या दिवशी पाडले.

बांधीतले शिक्षक

"पण आई बांधीत पडत का नाही?" मी त्याला विचारले. आणि आम्ही दोघेही नीट पाहू लागलो.

रोवणी करणाऱ्या बायका पऱ्हे लावत मागे मागे सरकतात, म्हणजे लावलेले रोप तुडवले जात नाही. गुडघे किंचित वाकलेले, पावले पसरलेली, वजन दोन्ही पायांवर जवळजवळ सारखे. एक पाय काढायचा तर वजन दुसऱ्यावर एकदम न टाकता सावकाश सरकवायचे. चिखलाला दबायला आणि बाजूला सरायला वेळ द्यायचा. वीतभर चिखलाखाली वर्षानुवर्षांच्या नांगरणीने घट्ट झालेला थर असतो. त्यावर पाऊल टेकले, की मगच पुढची हालचाल.

मला वाटले, हे तर सोपे आहे. मी बांधीत उतरलो, चार पावले ऐटीत टाकली आणि पाचव्याला अडकलो. जोराने पाय वर ओढला तर पाय आला, चप्पल आतच! त्याची आई म्हणाली, "पाय उचलाचा नाही सर, काढाचा." आधी टाच किंचित हलवायची, पाऊल थोडे तिरपे करायचे आणि मग काढायचे. यातले विज्ञान असे: पाऊल सरळ वर ओढले की त्याच्याखाली पोकळी होऊ लागते. दाट चिखल ती चटकन भरू शकत नाही. तेथील दाब घटतो, आणि वरून वातावरणाचा दाब पाय खालीच धरून ठेवतो. पाऊल हलवले की बाजूने पाणी आणि हवा आत शिरते व पाय सुटतो. माझी चप्पल बहुधा अजून त्या बांधीतच असेल.

बैलाचा खूर पाहा. तो दुभंगलेला असतो. चिखलात टेकताना त्याचे दोन भाग फाकतात आणि क्षेत्रफळ वाढते. उचलताना ते जवळ येतात, भोवती फट पडते आणि पाय सहज सुटतो. घोड्याचा खूर अखंड असल्याने ही सोय त्याला नाही. चिखलणीसाठी ट्रॅक्टरला पिंजऱ्यासारखी रुंद लोखंडी चाके लावतात, तेही याच कारणाने. आमच्या तलावांवर दिसणारा कमळपक्षी तर पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून चालतो. त्याच्या पायांची बोटे इतकी लांब असतात, की त्याचे वजन मोठ्या जागेवर पसरते.

या सर्वांत एक सूत्र आहे. घट्ट जमिनीवर आधार आयता मिळतो. मऊ जमिनीवर तो आपला आपण तयार करावा लागतो. पायाखालची माती किंवा हिम थोडे दाबून, त्याचीच एक पायरी बनवून, तिच्यावर उभे राहावे लागते. त्यासाठी भार पसरला पाहिजे, दोन्ही पायांवर सारखा वाटला पाहिजे, आणि हालचाल हिसक्याची नसावी.

वेग हाही एक आधार

पण येथे एक फरक ध्यानात घ्या. बांधीत हळू चालणारा तरतो. खोल हिमात मात्र फार हळू जाणारा बुडतो! हे उलटे कसे?

तलावाकाठी चपटी खापरी पाण्यावर तिरपी भिरकावून तिच्या उड्या मोजण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. खापरी पाण्यापेक्षा जड आहे. हळूच सोडली तर तळाशी जाते. पण वेगाने जाताना ती पाण्याला खाली ढकलते आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पाणी तिला वर ढकलते. वर वळलेल्या टोकाची स्की हिमावर हेच करते. पुढे जाता जाता ती समोरचे सैल हिम आपल्याखाली घेते, खाली दाबते, आणि त्या दाबण्याची प्रतिक्रिया तिला उचलून धरते.

वेळेचा हिशेबही पाहा. १.७ मीटर लांबीची स्की सेकंदाला २ मीटर वेगाने जात असेल, तर हिमाच्या एका जागेवरून ती ०.८५ सेकंदात पार होते. वेग सेकंदाला १० मीटर असेल तर ०.१७ सेकंदात. एवढ्याशा वेळात हिमाला पुरते खचायलाच सवड मिळत नाही. कणांमधल्या हवेलाही निसटून जायला वेळ लागतो.

मात्र खोल हिम पुढे ढकलायला बलही जास्त लागते. म्हणून जो मंद उतार कडक असताना पुरेसा असतो, त्याच उतारावर ताज्या हिमात स्की थांबूनच जाते. तेथे थोडा अधिक तीव्र उतार घ्यावा लागतो आणि वेग टिकवून ठेवावा लागतो. नवशिका घाबरून वेग कमी करतो, आणि त्यामुळेच बुडतो.

मग वळायचे कसे?

आता खोल हिमातली रीत तुम्हीच सांगू शकाल. दोन्ही पाय जवळ आणि दोन्ही स्कींवर सारखे वजन, जणू दोन्ही मिळून एकच रुंद फळी. वळण झटक्याने घ्यायचे नाही, कारण आडवी केलेली स्की हिमात नांगरासारखी अडते. वळण मोठे, गोल आणि सलग हवे. गुडघे घोटे किंचित दुमडून हिम दाबायचे. दाबलेले हिम स्कीला वर उचलू लागते. त्या वर येण्याच्या क्षणी स्कीवरचा भार हलका होतो. तेव्हाच तिची दिशा बदलायची, आणि पुन्हा हळूच दाबायचे. दाब, हलके हो, वळ. दाब, हलके हो, वळ. झोक्यावर उभे राहून झोका चढवताना गुडघ्यांची जी लय असते, तिची आठवण व्हावी.

टोके बुडू नयेत म्हणून फार मागे रेलून बसावे, असाही एक समज आहे. थोडा वेळ तो उपयोगी वाटतो. पण गुरुत्वमध्य मागे गेला की मांड्या भरून येतात आणि पुढच्या टोकांवर ताबा राहत नाही. त्यापेक्षा स्कीच मधोमध रुंद आणि पुढे अधिक वर वळलेली बनवणे बरे, हे आता कारागिरांनी जाणले आहे.

पडल्यावर काय करावे?

मित्रहो, येथवरची गोष्ट खेळाची होती. आता थोडी गंभीर गोष्ट.

खोल हिमात पडलेला माणूस हाताने जोर देतो, आणि हात आत जातो. तळहाताचे क्षेत्रफळ ते केवढे! म्हणून शिकवणारे सांगतात, की हातातल्या दोन्ही काठ्या फुलीसारख्या एकमेकींवर आडव्या ठेवा आणि त्या फुलीच्या मध्यावर हात टेकून उठा. भार पसरला की आधार मिळतो.

हे ऐकले आणि मला माझे लहानपण आठवले. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. वैशाखात तलावाचे पाणी आटले होते आणि मधल्या डबक्यातले मासे धरायला मी एकटाच निघालो. वरचा गाळ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तो घट्ट आहे असे वाटले. पंधरा-वीस पावलांवर पापुद्रा फुटला आणि मी मांड्यांपर्यंत आत गेलो. एक पाय काढायला जोर केला की दुसरा आणखी खाली. ओरडणे ऐकून काठावरचा गुराखी धावला. पण तो आत आला नाही. त्याने ओरडून सांगितले, "हलू नको! मागे झुक आणि पाठीवर पड!" मग त्याने कोठून तरी बांबूचा तट्टा आणला, तो गाळावर पसरला, त्यावर पालथा पडून माझ्याकडे दोर फेकला. मी पाय हळूहळू हलवत एकेक करून सोडवले आणि आडवाच्या आडवा ओढला गेलो.

त्या गुराख्याला दाबाचे सूत्र माहीत नसेल, पण हिशेब तोच होता. साठ किलोचा माणूस दोन तळव्यांवर उभा असतो तेव्हा दाब दर चौरस सेंटिमीटरला १२० ग्रॅमच्या आसपास असतो. तोच आडवा पडला की पाठीचे क्षेत्रफळ सुमारे ५,००० चौरस सेंटिमीटर धरून दाब १२ ग्रॅमवर येतो. दहापट कमी! शिवाय गाळ पाण्यापेक्षा जड असतो, म्हणून आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार आडवा पडलेला माणूस त्यात सहसा पूर्ण बुडत नाही. खरा धोका असतो तो धडपडीचा, थकण्याचा आणि वर पाणी असेल तर त्या पाण्याचा. म्हणून चार गोष्टी पाठ करून ठेवा. आटत्या तलावाच्या गाळात एकट्याने जाऊ नका. अडकलात तर उड्या मारू नका. मागे झुकून आडवे व्हा. पाय ओढू नका, हलवून सोडवा. आणि दुसरा अडकला असेल तर धावत आत जाऊ नका; मोठ्यांना हाक मारा, काठावरून दोर, बांबू किंवा फळी द्या.

हिमात मात्र आर्किमिडीज मदतीला येत नाही, कारण सैल हिम माणसापेक्षा कितीतरी हलके असते. त्यातच हिमलोटाचे भय. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ताज्या हिमाचा जाड थर खालच्या कच्च्या थरावरून एकाएकी सुटू शकतो. ज्या उतारांवर खोल हिमाची मौज असते, बहुतेक हिमलोटही त्याच उतारांवर होतात. गुलमर्ग येथे आपल्या सैन्याची १९४८ साली स्की-शाळा म्हणून सुरू झालेली प्रशिक्षणसंस्था आहे. पुढे तीच उच्चतुंग युद्धशाळा झाली. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळच्या खिलनमर्ग येथे हिमलोट कोसळून प्रशिक्षण घेणारे डझनाहून अधिक जवान प्राणांस मुकले. चांगले स्की येणे पुरेसे नाही. आज पायाखालचे हिम कोणत्या प्रकारचे आहे, हे ओळखता येणे त्याहून महत्त्वाचे. म्हणून तेथे जाणारे जाणकार आधी खड्डा खणून हिमाचे थर तपासतात, आणि मगच पाऊल टाकतात.

करून पाहा

हिम नसले तरी प्रयोग करता येईल. एका लांब खोक्यात धानाचे तूस वीतभर खोल, सैल भरा. तूस न मिळाल्यास लाकडाचा भुसा चालेल. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, तिचे पुढचे टोक वर वळवा आणि तिच्यावर एक लहान वजन बांधा.

पहिल्यांदा तेच वजन पट्टीशिवाय तुसावर ठेवा आणि ते किती खोल जाते ते मोजा. मग पट्टीवर ठेवून मोजा. नंतर दोऱ्याने पट्टी एकदा सावकाश आणि एकदा वेगाने ओढा, आणि दोन्ही वेळा उमटलेल्या चरीची खोली पट्टीने मोजा. पट्टीची रुंदी दुप्पट करून पुन्हा पाहा. शेवटी तूस दाबून घट्ट करा आणि सारे प्रयोग पुन्हा करा. प्रत्येक माप तीनदा घ्या आणि सरासरी काढा. एक मर्यादा ध्यानात ठेवा: तुसाचे कण एकमेकांना चिकटत नाहीत, हिमाचे चिकटतात. त्यामुळे आकडे जुळणार नाहीत. कल मात्र पाहता येईल. रुंदी आणि खोली यांचा आलेख काढा. शिक्षकांनी तो वर्गात टांगावा.

रजा संपवून माझा विद्यार्थी परत गेला. जाण्याआधीचे चार दिवस तो आईबरोबर बांधीत रोवणी करत होता. निघताना म्हणाला, "सर, या वेळी हिम पडले की आधी थांबून पाहीन. धुरा आहे की बांधी, ते ठरवीन. मग पाय टाकीन."